डोंगराला टोक असतं

आमच्या शाळेत स्मरणचित्र पाठ करून घेत असत. कविता पाठ करतात, पाढे पाठ करतात, तसं चित्र. चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षेत या नावाचा एक भाग असे. पूर्वी पाहिलेलं आठवून कागदावर काढायचं, अशी बहुधा त्यामागची मूळ कल्पना असावी. पण पाहणं आणि आठवणं ही दोन्ही कामं मुलांवर सोपवण्यात केवढा धोका आहे, हे आमच्या ड्रॉइंगमास्तरांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. म्हणून त्यांनी आमच्या वतीने एक चित्र पाहून आणि आठवून ठेवलं होतं, आणि ते फळ्याच्या डाव्या अंगाला कायमचं काढून ठेवलेलं असे.

त्यात टोकदार असे दोन डोंगर, मधून अर्धा वर आलेला सूर्य, डोंगरांच्या पायथ्यातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. नाशकात नारळ देवळापुढच्या दुकानात मिळे, झाडावर लागलेला आमच्यापैकी कितीजणांनी पाहिला होता देव जाणे. पण नारळाचं झाड आम्ही सगळेच डोळे मिटून काढत असू. परीक्षेत विषय कोणताही येवो, चित्र हेच. 'नदीकाठची सकाळ' आली तर प्रश्नच नाही. 'आठवड्याचा बाजार' आला तर झोपडीपुढे दोन टोपल्या आणि एक पागोटेवाला वाढवायचा. 'सर्कस' आली तर काय करायचं, असं एकाने विचारलं होतं. मास्तर म्हणाले, सर्कस गावाबाहेर असते, तंबूच्या मागे डोंगर दाखवता येतात.

मुक्तहस्त नावाचा आणखी एक प्रकार होता. त्यात पट्टी वापरायला बंदी होती, म्हणजे आम्हाला. मास्तर ती मुक्तहस्ते वापरत.

मी मूळचा नाशिकचा नव्हे. वडील रेल्वेत गार्ड, आमचं बिऱ्हाड मनमाडला रेल्वेच्या चाळीत. इंग्रजी शिक्षण नीट व्हावं म्हणून वडिलांनी मला नाशकात मामांकडे ठेवलं, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मामा वकील होते. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडे, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. घरात सगळं होतं, माया होती, खाण्यापिण्याची ददात नव्हती, आणि तरी संध्याकाळ झाली की मला मनमाडची आठवण येई. त्यावर मी स्वतःच शोधून काढलेला उपाय म्हणजे चित्रं. मामीच्या शेगडीतले विझलेले कोळसे उचलायचे आणि परसातल्या भिंतीवर मनमाड काढायचं. इंजिन, पाण्याची टाकी, आमच्या चाळीचा जिना, दारात उभी आई. मामी कोळशांवरून कुरकुर करी, पण भिंत पुसत नसे.

मामांची गोष्ट वेगळी होती. मुलांच्या मनाची वाढ कशी होते यावर त्यांनी कुठेतरी व्याख्यान ऐकलं होतं, आणि 'उत्तेजन' हा शब्द तिथून घरी आणला होता. मुलाने काहीही केलं तरी त्याला उत्तेजन द्यायचं. मग मी दाखवीन ते चित्र मामा हातात घेत, मान एका बाजूला कलती करत आणि म्हणत, "वा! उत्तम! जमलंय!" तेवढ्यात त्यांची नजर दाव्याच्या कागदांवर परत गेलेली असे. पहिल्या पहिल्यांदा मला फार बरं वाटलं. मग जरा संशय आला. एकदा मी त्यांच्याच टेबलावरचा शाई टिपलेला टीपकागद उचलून त्यांच्यापुढे धरला.

"वा!" मामा म्हणाले. "ढग फार छान आलेत."

त्या दिवसापासून मी मामांना चित्रं दाखवायचं बंद केलं. त्यांना वाटलं मुलगा लाजाळू आहे, म्हणून त्यांनी उत्तेजन आणखी वाढवलं.

आता डोंगराकडे येतो. मनमाडच्या दक्षिणेला एक डोंगर आहे. ज्याने पाहिला असेल त्याला वर्णन सांगायला नको, आणि ज्याने पाहिला नसेल त्याचा वर्णनावर विश्वास बसणार नाही. खाली रुंद, मळकट पायथा आणि वर मधोमध एकच एक सरळसोट सुळका, मूठ वळून अंगठा वर करावा तसा. आमच्या गावात लोक त्याला शेंडी म्हणत. आमच्या बिऱ्हाडाच्या दारातून तो समोर दिसे. शेंडीवर ढग बसला की आई वाळवण आत घेई. वडील गाडीवरून परतताना शेंडी दिसली की टोपी नीट करत, कारण मग घर आलंच. मला बोलता येण्याच्या आधीपासून तो डोंगर माझ्यापुढे उभा होता. डोंगर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही येणं शक्य नव्हतं.

श्रावणातल्या एका तासाला मास्तर म्हणाले, आज फळ्याकडे न पाहता स्मरणचित्र काढा. फळ्यावर त्यांनी कापड टाकलं. मला त्यांचा शब्द खरा वाटला. स्मरणातून काढा म्हणाले, मी स्मरणातून काढलं. सूर्य, नदी यांच्या भानगडीत मी पडलोच नाही. कागदभर शेंडी काढली, खाली रूळ, आणि कोपऱ्यात आमची चाळ. इतकं मन लावून मी त्याआधी काही केलं नव्हतं. मास्तर बाकाशी येऊन उभे राहिले तेव्हा मी मान वर करून हसलोसुद्धा.

"हे काय आहे?"

"डोंगर, सर."

"आणि हे वर काय काढलंयस?"

मी उत्तर देण्याआधी मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "ठेंगा!" वर्ग खदखदून हसला. मास्तरांनी चित्र लांब धरून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मला ठेंगा दाखवतोस?"

"नाही सर," मी घाईघाईने म्हणालो. "ठेंगा नाही. शेंडी आहे ती."

इथे सांगायला हवं की मास्तर काळी टोपी घालत आणि त्या टोपीखालून त्यांची तेल लावलेली शेंडी पाठीमागे बाहेर डोकावत असे. त्या शेंडीबद्दल वर्गाची काही मतं होती, आणि वर्गाला मतं आहेत हे मास्तरांनाही ठाऊक होतं. हसणारी पोरं एकदम गप्प झाली. त्या शांततेत मास्तर म्हणाले, "म्हणजे आता शेंडी लावतोस!"

मग पट्टी. दोन्ही तळहातांवर, मुक्तहस्ते.

"कुठे पाहिलास असला डोंगर?"

"मनमाडला, सर."

"मनमाडला स्टेशन आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी लाल पेन्सिल काढून माझ्या शेंडीवर खसाखसा एक त्रिकोण ओढला. "डोंगराला टोक असतं. नीट पाहून घे. टोक नसेल तो डोंगर नव्हे." पुढे त्यांनी जाहीर केलं की टोकदार डोंगर येईपर्यंत मला रंग मिळणार नाहीत. तोवर मी बाकीच्यांच्या वाट्यांत पाणी भरायचं.

घरी चित्राचा कागद माझ्या दप्तरातून बाहेर डोकावत होता, तो मामांनीच ओढून काढला. मान कलती झाली. "वा! उत्तम!" ते म्हणाले. "हा लाल डोंगर विशेष आवडला."

मारलं त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मार सगळेच खात. पण त्या दिवसानंतर एक निराळंच घडू लागलं, आणि ते कोणाला सांगावं कळत नव्हतं. मी टोकदार डोंगर काढायचा सराव करू लागलो. पाटीवर, वहीच्या मागे, धुळीत. आणि काही दिवसांनी मी डोळे मिटून मनमाड आठवू लागलो की शेंडी दिसे खरी, पण तिच्यावर तो लाल त्रिकोण येऊन बसे. मग कधी नुसता त्रिकोणच दिसे. मला वाटू लागलं, मास्तर मोठे आहेत, परीक्षा पास झालेले आहेत, ग्रेडला त्यांची मुलं पहिल्या वर्गात येतात. त्यांचं चुकेल कसं? माझंच चुकलं असेल. लहान होतो, दारातून काहीतरी भलतंच पाहिलं असेल. आणि डोंगराबाबत मी चुकलो असेन, तर मग त्या दारात उभी असलेली आई तरी मला बरोबर आठवत होती कशावरून? हा विचार आला तेव्हा मी खरोखर घाबरलो. त्यानंतर मी काहीच काढीनासा झालो. भिंत तशीच राहिली.

मामांनी यावर उपाय म्हणून मुंबईहून रंगांची पेटी मागवली. ती मी उघडली नाही. मामी एकदा शेगडी पेटवताना म्हणाली, "हल्ली कोळसे उरतात हो," आणि माझ्याकडे पाहत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरी पळतात. मी मात्र मामांकडेच रेंगाळलो. मामेभावंडांबरोबर किल्ला करायचाय म्हणालो, फटाके उडवायचेत म्हणालो. खरं कारण एवढंच की घरी गेलो तर डोंगर दिसेल, आणि त्याला टोक निघालं तर मी काय करणार होतो? शेवटी आईचा निरोप आला आणि पाडव्याच्या दिवशी मामांनी टांगा करून मला नाशिक रोडला आणलं, आणि गाडीत बसवून दिलं.

गाडी सुटल्यावर पाहतो तो समोरच्या बाकावर ड्रॉइंगमास्तर. शेजारी त्यांची बायको, मांडीवर चारेक वर्षांची मुलगी, पायाशी फराळाचा डबा. गळ्यात मफलर गुंडाळलेले आणि हातात पट्टी नसलेले मास्तर मी प्रथमच पाहत होतो. त्यांच्या बाईंनी मला चकली दिली आणि न विचारता सगळं सांगितलं. मास्तरांच्या बहिणीला यंदाच येवल्याला दिली होती. लग्न नाशकातच झालं, त्यामुळे त्या बाजूला जायचा योग आला नव्हता. आता पहिली भाऊबीज, म्हणून सगळे निघाले होते, मनमाडला गाडी बदलून. धाकटी बहीण अजून उजवायची आहे, हेही बाई बोलून गेल्या. मास्तरांनी मला "कुठे?" एवढंच विचारलं. मी "मनमाडला" म्हणालो. मग आम्ही दोघंही दोन निराळ्या खिडक्यांतून बाहेर पाहू लागलो.

मनमाड जवळ येऊ लागलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. झोपल्याचं सोंग केलं म्हणा. गाडीचा वेग कमी झाल्याचं कळत होतं. आता उजव्या हाताला तो येणार. मी डोळे आणखी घट्ट मिटले. आणि तेवढ्यात मास्तरांची मुलगी मांडीवर उभी राहून ओरडली,

"बाबा, बाबा! तो डोंगर बघा! ठेंगा दाखवतोय!"

मी डोळे उघडले. पण खिडकीबाहेर पाहण्याचा धीर झालाच नाही. मी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खिडकीत वाकले होते, तोंड थोडं उघडं होतं, आणि टोपी सरकून मागे गेली होती. डोंगर जागेवर असल्याचं मला त्या चेहऱ्यावरून कळलं. मग मी पाहिलं. तो तसाच होता. खाली मळकट पायथा, वर सरळसोट सुळका, टोकाचा पत्ता नाही. मला रडू फुटलं. चकलीचा तुकडा तोंडातच राहिला आणि मी बाहीने डोळे पुसत राहिलो, आनंदाने की रागाने ते मला आजही सांगता येणार नाही.

"अगबाई, खरंच की," बाई म्हणाल्या. "अगदी अंगठ्यासारखा."

"टोक आहे त्याला," मास्तर खिडकीतून मान मागे घेत म्हणाले. "इथून दिसत नाही, इतकंच."

येवल्याची गाडी त्या डोंगराच्या आणखी जवळून जाते. तिथून त्यांना टोक दिसलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. घरी मी दारात बसून तो डोंगर इतका वेळ पाहिला की आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

सुट्टी संपून शाळा उघडली. ड्रॉइंगच्या तासाला आम्ही वर्गात शिरलो तर फळ्याच्या डाव्या अंगाला नवं चित्र. नदी होती, झोपडी होती, नारळही होता. पण ते दोन टोकदार डोंगर गेले होते आणि त्यांच्या जागी एकच डोंगर, वर शेंडी असलेला. सूर्याला मध्ये बसायला फट उरली नव्हती, म्हणून तो एका बाजूला काढला होता. मास्तरांनी मनमाडचं नाव घेतलं नाही, माझं तर नाहीच नाही. "स्मरणचित्रात सुधारणा केलेली आहे," असं ते म्हणाले. "उतरवून घ्या आणि पाठ करा." माझ्यापुढे त्यांनी रंगाची वाटी ठेवली आणि पुढे गेले.

मी हवेत होतो. पोरं माझ्याकडे येऊन शेंडी कशी वळते, डावी बाजू किती तिरपी, ते विचारू लागली. ज्याने 'ठेंगा' म्हटलं होतं तोही आला. परसातल्या भिंतीवर पुन्हा कोळसा फिरला. मामांना नवी शेंडी दाखवली तेव्हा ते "वा!" म्हणाले, आणि मला त्या दिवशी त्यांचासुद्धा राग आला नाही. वर्गात मात्र हळूहळू सगळीकडे अंगठे दिसू लागले. गोदाकाठ आला की अंगठा, बाजार आला की टोपल्यांमागे अंगठा. सवयीने एखाद्याने टोक काढलंच तर मास्तर पट्टी आपटत आणि म्हणत, "डोंगराला शेंडी असते, शेंडी!" मार तेवढाच होता, फक्त खाणारे बदलले होते.

आमच्या वर्गात सटाण्याकडचा एक मुलगा होता. वसतिगृहात राहायचा. त्याच्या बोलण्यात अहिराणी होती, 'आहे'च्या जागी तो 'शे' म्हणे, आणि त्याने तोंड उघडलं की पोरं "शे शे" करून त्याला बेजार करत. त्यामुळे त्याने तोंड उघडणंच सोडलं होतं. चित्रं मात्र फळ्याबरहुकूम सुबक काढायचा. टोकाचे दिवस होते तेव्हा टोक काढलं, शेंडीचे आले तेव्हा शेंडी काढली. पण मनमाडचा डोंगर फळ्यावर आला तर आपला का नको, असं त्याच्या मनात आलं असावं. एका तासाला फळ्यावर कापड टाकलेलं असताना त्याने एक डोंगर काढला. उंच, कडे तुटलेले, आणि माथा सुरीने कापल्यासारखा सपाट.

मास्तर त्याच्या बाकाशी थांबले. मी दोन बाकं पलीकडे होतो.

"शेंडी कुठे आहे?"

मुलगा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तो असाच शे, सर."

वर्ग हसला. मास्तरांनी पट्टी उचलली आणि मग, मला वाटतं माझा मान राखावा म्हणून, माझ्याकडे वळले. "तू सांग याला," ते म्हणाले. "डोंगर कसा असतो ते."

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. इतका मान मला त्या शाळेत पूर्वी मिळाला नव्हता आणि पुढेही मिळाला नाही. तो मुलगाही पाहत होता. त्याच्या हातातली पेन्सिल त्याने उलटी धरली होती, आणि त्याचं तोंड मला ओळखीचं वाटलं. लाल त्रिकोण आता त्याच्या डोंगरावर येणार होता.

"मी याचा डोंगर पाहिलेला नाही, सर," मी म्हणालो.

मास्तरांची पट्टी वरच्या वर राहिली. त्यांना आता माझा राग आला आहे हे दिसत होतं. पण ते मारीनात. सटाण्याला त्यांचं कोणी नव्हतं हे खरं. पण धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं आणि पोरीला कुठे दिली जाईल याचा नेम नव्हता. एका भाऊबीजेला झालं ते माणसाला पुरे होतं.

"वर सपाट आहे तर वर काय आहे?" त्यांनी त्या मुलाला विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"पानी शे, सर. मोठं टाकं शे."

"मग ते काढ. नुसता सपाट डोंगर अर्धवट दिसतो."

मुलाने कागदाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "खालून पानी दिसत नही, सर," तो म्हणाला. "मी खालून काढेल शे."

यावेळी 'शे'ला कोणी हसलं नाही. आम्ही सगळे पट्टीकडे पाहत होतो. मास्तर बराच वेळ त्या चित्रावर वाकून राहिले, गाडीच्या खिडकीत वाकले होते तसे.

"बरं," ते म्हणाले. "मग नको काढूस."

ते पुढच्या बाकाकडे गेले. तिथल्या मुलाने शेंडीचा डोंगर काढला होता, अगदी हुबेहूब. मास्तरांनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि आजवर त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"हा कुठला डोंगर?"

तो मुलगा पांढराफटक पडला. त्याने मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चाचरत म्हणाला, "फळ्यावरचा, सर."